नाला, नाव नाही

मार्गशीर्ष लागला की नाल्यांचे पाणी नितळते. पावसाळ्यात जो वाहतो त्याला लोक उगीच नाला म्हणतात. तो वरून आलेला पाऊसच असतो, दिसेल ते ओढून नेणारा, आणि त्याला पाहायला गेलेली माणसेही लांबच उभी राहतात. नाला खरा पाहावा तो आत्ता. कपाशीची पहिली वेचणी घरात येते, तूर फुलावर असते, सकाळी पाण्यावरून वाफ निघते आणि गुडघाभर पाण्यात तळचा खडा न् खडा दिसतो. असे पाणी मी आयुष्यात पुष्कळ पाहिले. त्यातल्या एका पाण्याजवळून जाताना मात्र मी नेहमी दुसरीकडे पाहत आलो.

सध्या मी कारंज्यात थोरल्या मुलाकडे असतो. घरापुढून कापसाच्या गाड्या बाजाराकडे जातात, रस्ता पांढरा होतो. हल्ली मधूनच एखादी मोटारही जाते आणि बैल बुजतात. सायबाचे राज्य आज जाते की उद्या, यावर ओट्याओट्यावर पैजा लागलेल्या. या दिवसांत शेजारी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भरताची वांगी भाजतात. तो वास आला की मी खिडकी लावून घेतो. सुनेची समजूत अशी की मामंजींना धूर सोसत नाही. मी तिची समजूत तशीच राहू दिली आहे. समजुती तशाच राहू देण्यात माझा हातखंडा आहे, हे पुढे कळेलच.

मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. म्हातारपणी माणसे आठवणी लिहायला बसतात ती बहुधा मिरवायला बसतात. माझ्याजवळ मिरवण्यासारखे थोडे होते तेही मी या एका हंगामात घालवले.

तेव्हा मी बाविशीचा होतो. मामांच्या घरी पटवारीपणाचे वतन, पण मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. म्हणून त्यांचा गुमास्ता होऊन मी कारंज्याहून चार कोसांवरच्या त्यांच्या गावी गेलो. गावाचे नाव सांगत नाही. लाज माझी आहे, गावाची नाही. चार बुके इंग्रजीची झालेली, डोक्याला तेल, पायात पंपशू. गावातली माणसे 'पटवारीभाऊ' म्हणून हाक मारू लागली आणि ती हाक ऐकून मला आपण कोणी तरी आहो असे वाटू लागले. गावाला एक नाला आहे, त्याला वळण आहे, त्या वळणाला काही कारण असेल, यातले काहीही मला ठाऊक नव्हते. जमिनीचे नंबर मात्र तोंडपाठ होते.

त्या मार्गशीर्षात नकाशावाले आले. गावाबाहेरच्या आमराईत तंबू पडले, तिकाटण्यावरच्या दुर्बिणी आल्या, लाल-पांढरे झेंडे माळामाळावर उभे राहिले. सारा मुलूख कागदावर उतरवायचा होता. टेकड्या, विहिरी, देवळे, नाले, जे जे असेल ते. रेघा ते ओढणार, पण नावे आम्ही द्यायची. त्यांच्या हेडकारकुनाने मला बोलावून बजावले, "लोक म्हणतात तेच नाव लिहायचं. उद्या सकाळी यादी हवी." हा गृहस्थ जिभेचा फार तिखट होता. माझ्या देखत त्याने मागल्या गावच्या पटवाऱ्याला उभा फाडला होता. त्या बिचाऱ्याने एका विहिरीचे नाव नुसते 'मोठी' असे लिहिले होते. तंबूतले सगळे हसले, मीही हसलो.

मी एकटाच निघालो. दौलत कोतवाल बरोबर असायचा, पण त्याला तंबूवर दूध पोचवायला धाडले होते. तो बरोबर असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

नाल्याच्या मुळापासून सुरुवात करावी असे मी ठरवले. गावाच्या उगवतीला माळ आहे. तिथे पळसांच्या बेटात, शेंदूर फासलेल्या एका धोंड्याच्या पायथ्याशी जमीन ओली होती. एवढाच तो नाला. वाटीभर पाणी गवतातून सरकत होते, खाली उतरत होते आणि मध्येच मुरमात गडप होऊन वीस पावलांवर पुन्हा वर येत होते. पुढे पाटलाच्या वावरातून ते सखल लवणाने गेले. तिथे कापूस वेचणाऱ्या बाया म्हणाल्या, "आमी याले लवनच म्हनतो बाप्पा." मी लिहून घेतले नाही, कारण लवण हे काही नाव नव्हे. त्याखाली एक म्हातारा शेळ्या घेऊन पाण्यावर उभा होता. त्याला विचारले.

"इथं नाव नाई लागत त्याले," तो म्हणाला. "खालतं जा. बगीच्यापासून नाव लागते."

"काय नाव?"

म्हाताऱ्याची एक शेळी तुरीत घुसली होती, तो तिच्यामागे धावता धावता ओरडला, "पुंजाबाईले इचारा मळ्यात! तिचंच पानी हाये थे!"

तो चेष्टा करत नव्हता. पाणी तिचे, म्हणून नाव तिला विचारावे, इतकाच सरळ विचार त्याने केला. सगळ्या गावात तेवढ्या एकाच बाईला ते नाव विचारता येत नाही, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. असे विस्मरण आमच्याकडच्या माणसालाच होऊ शकते. दुसऱ्या मुलखात बायका नवऱ्याचे नाव खुशाल घेत असतील.

खाली गेलो तर नाला खरेच बदलला. वरती सुस्त सरकणारे पाणी एका दगडी बांधाला येऊन टेकले होते आणि तिथून कोपरात हात वाकवावा तसे वळून गावाच्या मागच्या बाजूला गेले होते. बांधावर निरगुडी माजलेली, पलीकडे हिरवागार मळा. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. एवढा हिरवा रंग त्या बरड गावात दुसरीकडे कुठे नव्हता. दोन बाया मिरच्या तोडत होत्या आणि तिसरी फावड्याने वाफ्यांना पाणी देत होती. पदर कपाळाखाली ओढलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात. तीच पुंजाबाई, हे ओळखायला काही लागले नाही.

"बाई, या नाल्याचं नाव काय हो?"

तिने फावडे थांबवले नाही. "दुसऱ्या कोनाले इचारा ना भाऊ. मी कसं सांगू?"

मी काही खुळा नव्हतो. नवऱ्याचे नाव असणार, हे लगेच उमगले. घरी आई, मामी, सगळ्यांना मी तेच करताना पाहिले होते. अशा वेळी शहाण्या माणसाने बरे म्हणावे आणि पुढच्याला विचारावे. पण मिरच्या तोडणाऱ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या आणि मला शहाणपणा पाजळायची हुक्की आली.

"मग उखाण्यात घ्या की! सरकारी काम आहे, त्याशिवाय मी हलणार नाही."

मिरच्या तोडणाऱ्या हातांचा आवाज थांबला. पुंजाबाईने मान वर केली तेव्हा पदर मागे सरला आणि मला तिचे कपाळ दिसले. कपाळ मोकळे होते. गळ्यात काही नव्हते. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर मी ते गिळले असते. ती अगदी सावकाश म्हणाली, "आता कोनासाठी घेऊ भाऊ उखाना?"

फावडे थांबल्यामुळे वाफा भरून पाणी वाटेवर आले आणि माझे पंपशू भिजले. मी 'बरं बरं' असे काहीतरी पुटपुटलो आणि पाय काढता घेतला. विधवा बाईला मी चारचौघींत उखाणा घ्यायला सांगितले होते. माझ्या आईने हे ऐकले असते तर मला उंबऱ्याच्या आत घेतले नसते.

आणि इथे माझी पहिली खरी चूक झाली, कारण आधी झाला तो निव्वळ गाढवपणा होता. नाल्यावर पुढे दोनशे पावलांवर रहीमचाचा रंगाऱ्याचे घर होते. रंगवलेले खण काठावर वाळत घातलेले मला दिसत होते. चाचा दगडावर कापड आपटत होता. त्याला विचारले असते तर त्याने नाव सांगितले असते, वर चहाही पाजला असता. पण त्याला विचारायचे म्हणजे पुंजाबाईला का नाही विचारले हेही आले, आणि बाया तर पाहत होत्याच. मी बांधावरून आडवाटेने गावात आलो. नाला तिथून पुढे रंगाऱ्याच्या दगडांवरून, मसणवटीला वळसा घालून अडाण नदीला मिळतो. तेवढा मी त्या दिवशी पाहिलाच नाही. रात्री कंदिलाशी बसून यादी सुवाच्य अक्षरात उतरवली. टेकडीचे नाव, महादेवाचे देऊळ, चार विहिरी. सातव्या ओळीत लिहिले: 'नाला, नाव नाही.'

हेडकारकुनाने यादी वाचली आणि 'अक्षर चांगलं आहे' म्हणाला. मला त्याचा आनंद झाला, हेही लिहून ठेवतो.

नाव काय होते ते तिसऱ्या दिवशी कळले. त्या दिवशी सकाळीच तंबू उठून दोन कोसांवर आसेगावच्या वाटेला पडले होते. दुपारी चावडीत पाटील होते, रहीमचाचा कशाच्या तरी दाखल्यासाठी आला होता, दौलत दाराशी होता. दौलतच्या तोंडात तीळ भिजत नसे. यादी पाटलांना वाचून दाखवली तेव्हा पाटील अर्धवट ऐकत होते, पण त्याने ती नीट ऐकली होती आणि मळ्यात जाऊन सांगितली होती. पुंजाबाई चावडीच्या पायरीखाली उन्हात येऊन उभी राहिली. पाटलांसमोर म्हणून पाठ अर्धी वळवलेली.

"भाऊ, नाल्याले नाव नाई असं लिवलं म्हनते."

मी म्हणालो, "लिहिलं आहे खरं."

"नाव हाये त्याले."

रहीमचाचा चटकन पुढे झाला. "भाभी, तुम रहने दो. मी सांगतो पटवारीभाऊले."

"नाई चाचा," ती म्हणाली. "त्यायनं मले इचारलं होतं. म्या सांगतलं नाई, म्हून थे कोरं राह्यलं. चूक माही हाय. मीच सांगतो."

चूक तिची! मी तिथे गादीवर बसलेला होतो, हातात टाक होता, आणि ही बाई भर उन्हात उभी राहून माझी चूक स्वतःच्या पदरात घेत होती. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी उघडले नाही.

तिने डोळे मिटले. दोन्ही हातांनी पदर तोंडाजवळ घट्ट धरला. डोक्यावरचे ओझे खाली ठेवताना बाई जसा श्वास सोडते तसा श्वास सोडून ती म्हणाली, "उकंडा." मग थांबून, "उकंड्याचा नाला."

पाटील तंबाखू मळता मळता थांबले. रहीमचाचाने मान खाली घातली, दौलत बाहेर झाडाकडे पाहू लागला. एखाद्या बाईचे नहाणे चुकून दिसावे तसे आम्ही सगळे ओशाळलो. पंचेचाळिशीच्या त्या बाईच्या तोंडातून उखाण्याशिवाय ते नाव जन्मात पहिल्यांदा बाहेर पडत होते.

उकंडा हे नाव आमच्याकडे कसे ठेवतात ते नव्या पिढीला ठाऊक नसेल. आधीची लेकरे जगली नाहीत की पुढचे जन्मल्याबरोबर क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे, शेजारणीने उचलून आणायचे आणि तेच नाव द्यायचे. मरणाला वाटावे, ही टाकून दिलेली वस्तू आहे, कशाला न्यावी. असा जगवलेला तो मुलगा. जुना नाला माळीपुऱ्याच्या अंगावरून जायचा आणि दर भादव्यात दहा-बारा घरांत शिरायचा. उकंड्याने तीन उन्हाळे माळावरचे दगड आणून तो बांध घातला आणि नाला कोपरातून वाकवला. बोरी-बाभळीच्या काट्या, चिकणमाती, वरून निरगुडी. हे मला रहीमचाचाने मागाहून सांगितले. गाडी एकच, बैल म्हातारा, म्हणून निम्मे दगड पुंजाबाईने डोक्यावरून आणले. नाल्याला नाव पडले ते एकट्या उकंड्याचे, आणि तिला त्यात काही वावगे वाटले नाही. बांध झाला, मळा लागला, आणि चौथ्या वर्षी तो पटकीने गेला. त्याचा फोटो नाही, समाधी नाही. पोटी एक मुलगा, आणि मागे हे वळण.

आता माझे सांगतो. यादी गेली होती, पण दोनच कोस गेली होती. पाटलांचे तट्टू चावडीपुढे बांधलेले होते. मागितले असते तर मिळाले असते, आणि दिवस मावळायच्या आत मी तंबूवर पोचलो असतो. सातव्या ओळीत दोन शब्द बदलायचे होते. पण माझ्या डोळ्यांपुढे तो हेडकारकून उभा राहिला. 'लोकांना विचारायला सांगितलं होतं ना?' असे तो म्हणणार. मग मी नाव सांगणार, आणि 'उकंड्याचा' हे ऐकून सगळा तंबू हसणार. 'मोठी' विहिरीला हसले होते तसे, आणि त्या वेळी मी हसलो होतो तसे. माझे नाव शाबूत राहावे म्हणून मी त्याचे नाव बुडवले. इतके साधे आहे हे, आणि इतके साधे असल्यामुळेच मला ते कोणाला सांगता आले नाही.

मी एक कागद ओढला. तो पाठकोरा होता, जुन्या कसल्या तरी तक्त्याचा. त्यावर ठळक अक्षरात लिहिले: उकंड्याचा नाला. टीपकागदाने टिपले. अशा कामात मी कधी कुचराई केली नाही.

पुंजाबाई दोन पायऱ्या वर आली. "कोनतं त्यायचं नाव?"

मी बोट ठेवून दाखवले. तिने त्या अक्षरांना बोट लावले आणि ते बोट कपाळाला लावले.

"आता जाईन हे नकाशात?"

"जाईल," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. पाटलांनाही तो खरा वाटला, चाचालाही. ती पायऱ्या उतरून गेली. माझे डेस्क एका पायाने डगमगत असे. संध्याकाळी त्या कागदाची चौघडी करून मी त्या पायाखाली सारली. पुढल्या पावसाळ्यात वाळवी लागली तेव्हा दौलतने ती केराबरोबर काढून टाकली.

त्या दिवशी ती उपाशी राहिली, असे दौलतने सांगितले. माळीपुऱ्यातल्या बाया तिला बोलल्या. "चावडीत चार मानसाईत नवऱ्याचं नाव घेतलं व माय!" त्यांना तिने एकच उत्तर दिले म्हणतात, "कागदात जायाचं होतं, म्हून घेतलं." पुन्हा तिने ते कधी घेतले नाही.

वर्ष गेले. मार्गशीर्ष आला. माझे लग्न झाले होते, मामा गेले होते, आता मीच पटवारी. एके सकाळी पुंजाबाई ओट्यावर टोपली घेऊन उभी. दवाने ओली, काटेरी देठाची, हिरवी भरताची वांगी.

"पह्यली तोड देवाची," ती म्हणाली, "अन् दुसरी तुमची. दर साली आनून देईन."

मी नको म्हणालो. मनापासून म्हणालो, पण तिला तो माझा चांगुलपणा वाटला. "तुमी नाव लिवलं भाऊ," ती म्हणाली. "माह्या हाती दुसरं काय हाये द्यायले?"

माझ्या बायकोने त्यांचे भरीत केले. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून, कांद्याची पात घालून. ताटावर बसलो तेव्हा पहिला घास गिळवेना. दुसऱ्या वर्षी गिळवला. तिसऱ्या वर्षी मी आणखी वाढ म्हणालो. खोटेपणा पचतो तो असा. बायको म्हणायची, "किती माया करते हो ती बाई तुमच्यावर!" मी हो म्हणायचो. वीस-बावीस वर्षे ती टोपली आली, एकदाही चुकली नाही. एका साली गारपिटीने मळा झोपला, तर तिने चारच वांगी पदरात बांधून आणली आणि कमी आणली म्हणून वाईट वाटून घेतले.

मधल्या काळात मी स्वतःला पुष्कळ समजावले. नकाशा कोण पाहतो? तो कचेरीच्या कपाटात पडणार. गावाच्या तोंडी नाव आहे तोवर कागदाचे काय अडले आहे? हे सगळे खरेच होते, आणि सगळे बिनकामाचे होते, कारण त्या बाईने नाव घेतले ते माझ्या शब्दावर. एकदा अर्ज लिहायला घेतला, 'नजरचुकीने राहून गेलेले नाव' अशी सुरुवात केली. नजरचूक हा शब्द लिहून झाल्यावर पुढे हात चालेना. फाडून टाकला.

एकदा मंगरुळाला तहसिलीत कामाला गेलो असता तो नकाशा पाहायला मिळाला. आमचे गाव अंगठ्याएवढे. माळावरून निघालेली निळी रेघ मी बोटाने धरली. ती लवणातून खाली आली, आणि तिथे, अगदी जिथे हवी तिथे, कोपरातून वळली. रेघ ओढणाऱ्या माणसाने काडीचीही चूक केली नव्हती. तीन उन्हाळ्यांचे दगड त्याने त्या बाकात जसेच्या तसे उतरवले होते. बाजूला टेकडीचे नाव होते, महादेवाचे देऊळ होते. रेघेच्या बाजूला काही नव्हते. मी कितीतरी वेळ उभा होतो. कपाटवाला म्हणाला, "काय शोधून राह्यले?" मी म्हणालो, काही नाही.

पुंजाबाई श्रावणात वारली. मी तेराव्याला गेलो, पंगतीत बसलो, जेवलो. मनात म्हटले, सुटलो. म्हटले हे खरे आहे, म्हणून लिहितो.

मार्गशीर्षात ओट्यावर पुन्हा टोपली आली. या खेपेला तिची सून, वच्छला. चांगली चाळिशीची, हाताने राठ, सासूसारखीच कमी बोलणारी. आत्याबाई म्हणायची ती सासूला.

"आत्याबाईनं जाता जाता सांगतलं," ती म्हणाली, "पटवारीभाऊची टोपली चुकवू नोका."

मी आत बायकोला हाक मारणार होतो, तोच ती म्हणाली, "एक इचारू? थो कागद एकडाव दाखवता काय? आत्याबाई लय सांगे त्याचं. मामंजीचं नाव लिवलेला. आमी कोनीच पाह्यला नाई."

मी अनेक खोट्या गोष्टी सांगू शकलो असतो. कागद अमरावतीला गेला, जळाला, वाळवीने खाल्ला. शेवटची तर खरीसुद्धा होती. पण ती बाई पदराला हात पुसून उभी होती, कागद धरायचा म्हणून. मला ते हात बघवेनात. मी ओट्यावरच बसलो आणि सगळे सांगितले. उखाण्यापासून डेस्काच्या पायापर्यंत. सासूने केलेल्या चुकीची गोष्ट तिने शंभरदा ऐकली असेल. ती चूक कोणाची होती हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. माझी बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिनेही ऐकले.

वच्छला रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर काही उलगडत नसल्यासारखे दिसत होते. तिने विचारले, आणि खरोखरीच विचारले, शिकलेला माणूस आहे, याला ठाऊक असेल म्हणून विचारावे तसे.

"मंग आत्याबाईनं थे नाव कायले घेतलं होतं?"

मग तिने वांगी ओट्यावर काढून ठेवली, एकेक करून, आणि टोपली घेऊन गेली. बायकोने ती वांगी आत नेली नाहीत. दोन दिवसांनी तीच म्हणाली की गाईला घातली.

त्या दिवसापासून मी भरीत खाल्लेले नाही. पुढच्या मार्गशीर्षात टोपली आली नाही. ती येणारच नव्हती, आणि नाही आली हेच बरे झाले, असे मी बायकोला म्हणालोही. तरी दुसऱ्या तोडीच्या दिवसांत मी रोज सकाळी ओट्यावर बसून मळ्याकडच्या वाटेकडे पाहत होतो, हे मात्र तिलाही सांगितले नाही.